कुरुमानच्या घरातलं सारवण

एकोणिसाव्या शतकातल्या एका मिशनऱ्याच्या बायकोने, मेरी मोफटने, आफ्रिकेत आल्यावर सुरुवातीच्या काळात इंग्लंडला घरी लिहिलेलं एक पत्र आहे. आठवड्यातून एकदा तरी आम्ही सगळ्या खोल्या शेणाने सारवतो, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, असं ती त्यात म्हणते. दुसऱ्या एका मिशनऱ्याच्या बायकोला, मिसेस हेल्मना, तिने सारवताना पाहिलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं की हा गलिच्छ प्रकार आपण करायचा नाही. पुढे तिला शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं. धूळ बसते, पिसवा मरतात आणि जमिनीला छान हिरवट रंग येतो. शेण पाण्यात कालवून होईल तितका पातळ हात फिरवायचा, हेही ती लिहिते.

मी इथे थांबले, कारण बाईला खुबी बरोबर कळली होती. माझी आजी सारवायला बसली की तिचाही पहिला हुकूम हाच असे: हात पातळ ठेव. जाड सारवलं की वाळल्यावर पोपडे उठतात.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. एका सुरात त्याग, सेवा, शाळा, दवाखाने. दुसऱ्यात धर्मांतर, साम्राज्य, कारस्थान. दोन्हींत पुरुष दिसतो: हातात बायबल, नजर क्षितिजावर. त्याच्या पाठीमागे भाकरी कोण भाजत होतं, साबण कुठून येत होता, पोरांना पाणी कोण पाजत होतं, हे कुणी विचारत नाही. मोफट कुटुंबाची पत्रं आणि आठवणी वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की ही माणसं दुसऱ्यांना बदलायला गेली होती खरी, पण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत पुरतं बदललं ते त्यांचं स्वतःचं घर. त्याची किंमत मात्र घरात सगळ्यांना सारखी पडली नाही.

रॉबर्ट मोफट स्कॉटलंडचा, पेशाने माळी. मँचेस्टरजवळ डकिनफील्डला जेम्स स्मिथ यांच्या रोपवाटिकेत कामाला असताना मालकाच्या मुलीशी, मेरीशी, त्याचं जुळलं. लंडन मिशनरी सोसायटीने १८१६ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेला धाडलं. मेरीच्या आईवडिलांनी बराच काळ नकार दिला, मग नाइलाजाने होकार भरला. १८१९ मध्ये ती जहाजात बसली आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला केपटाउनला त्यांचं लग्न झालं. मधली दोनेक वर्षं रॉबर्टने नामाक्वालँडमध्ये एकट्याने काढली, आणि त्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. निघण्यापूर्वी त्याच्या आईने त्याला शिवण-विणकाम आणि कपड्यांची निगा शिकवली होती. इस्त्री नसली तर सदरा नीट घडी घालून लाकडाने ठोकायचा, म्हणजे सुरकुत्या जातात, हे त्यातलंच. पठ्ठ्याने सदऱ्याची घडी घातली, ग्रॅनाइटच्या गुळगुळीत दगडावर ठेवली आणि मन लावून ठोकली. उलगडून पाहतो तर सदऱ्याला जागोजाग भोकं.

नवराबायको कुरुमान नदीच्या खोऱ्यात आले ते बाट्लापिंग लोकांच्या मुलखात. आज तो भाग दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात येतो. केपटाउन तिथून नऊशे किलोमीटरहून लांब, आणि तो प्रवास बैलगाडीचा. मीठमिरची संपली म्हणून दुकानात जायची सोय नव्हती.

पहिल्या वर्षांत घर असं नव्हतंच म्हणायला हरकत नाही. दाराला अर्थ नव्हता. बायका-माणसं आत येऊन बसत, अंगाला लावलेली गेरू आणि चरबी भिंतींना, कपड्यांना, भांड्यांना पुसली जाई. रविवारी प्रार्थनेला जायचं तर मागे घर रिकामं होण्याची धास्ती. रॉबर्टने लिहून ठेवलंय की दिवसभरातल्या चोऱ्यांची नोंद करायला बसावं तर घर, लोहारखाना, बाग, गोठा, काहीच सुटत नसे. एकदा मेरीने एका बाईला विनवलं, बाई गं, जरा बाहेर हो, मला स्वयंपाकघर लावून प्रार्थनेला जायचंय. त्या बाईने लाकूड उचललं आणि तिच्या डोक्यावर उगारलं. मेरी तशीच प्रार्थनेला निघून गेली. स्वयंपाकघर त्या बाईच्या ताब्यात राहिलं.

रॉबर्ट हे सगळं ‘रानटीपणा’च्या खात्यात टाकतो. मला तसं टाकता येत नाही. आपल्या आवारात परकी माणसं न विचारता घर बांधून राहतात आणि वर आपल्यालाच ‘बाहेर हो’ म्हणतात, हे त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर लाकूड उगारणं अगदीच अनाकलनीय नाही. पाण्याचंही तेच. मिशनऱ्यांनी नदीतून काही मैल लांबीचा पाट काढला, गहू आणि भाजीपाला पिकवला. बाट्लापिंग बायकांनी पाहिलं की पाणी मिळालं की जमीन देते. त्यांनी वरच्या अंगाला पाट फोडून पाणी आपल्या शेतांकडे वळवलं. मिशनऱ्यांना कधीकधी प्यायलासुद्धा पाणी राहिना. रॉबर्टच्या वर्णनात हा त्रास आहे. एखाद्या पाणलोट समितीच्या बैठकीला बसलेलं माणूस त्याला काय म्हणेल? वरच्या शेतकऱ्याने पाणी उचललं, खालच्याने तक्रार केली. शेतीचं काम तिथे बायकांचं होतं, त्यामुळे पाण्यासाठी कुदळी घेऊन त्याच आल्या. पुढे मिशन खोऱ्यात जिथे कायमचं वसलं तिथे मुबलक पाणी होतं. ‘कुरुमानचा डोळा’ म्हणतात तो झरा आजही दिवसाला सुमारे २ कोटी लिटर पाणी देतो.

मग दुष्काळ पडला आणि पाऊस न पडण्याचं खापर मिशनवर फुटलं. १८२२ च्या सुमारास एक मुखिया डझनभर माणसं घेऊन दारापुढच्या झाडाखाली उभा राहिला, उजव्या हातात भाला: चालते व्हा. रॉबर्टने बंडीची बटणं काढली आणि म्हणाला, घालवायचंच असेल तर भाला इथे मार. मुखिया मान हलवत सोबत्यांना म्हणाला, या माणसांना दहा जीव असले पाहिजेत, मरणाला भीत नाहीत म्हणजे काय. मिशनच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या अभिमानाने येतो. त्याच वाक्यांमध्ये, कडेला, मेरी आहे. झोपडीच्या दारात, कडेवर तान्ही मुलगी. छाती पुढे करण्याआधी नवऱ्याने तिला विचारलं होतं का, असला प्रश्न त्या काळी कुणाला पडला नसेल. मला पडला.

जवळजवळ दहा वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. याच कोरड्या काळात इंग्लंडमधल्या एका मैत्रिणीने मेरीला विचारलं, तुला काय पाठवू? तिने प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ती मंडळीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, भांडी मागवली. ज्या मंडळीत एकही सभासद नाही तिच्यासाठी! १८२९ मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती पेटी कुरुमानला पोचली. हा चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला त्यातला व्यवहार जास्त आवडतो. माल यायला दोन-दोन वर्षं लागतात हे जिला ठाऊक आहे, ती बाई पुढचं बघून यादी करतेच. लोणच्याची बरणी कैऱ्या यायच्या आधीच धुऊन ठेवावी, तसं.

पुढे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी वाढली. मेरीने शिवणाचा वर्ग काढला. कपड्यांची मागणी इतकी झाली की कापड पुरेना, कातड्याचीच जाकिटं बेतायला घेतली. चरबी आजवर अंगाला लावायची वस्तू होती. आता लोक मेणबत्तीचे साचे आणि वातींसाठी चिंध्या मागायला येऊ लागले, झोपडीच्या भिंतीला मेणबत्त्यांचे जुडगे लटकू लागले. अंधार पडल्यावर वाचायचं म्हणजे उजेड हवा. रॉबर्ट सेत्स्वाना भाषेत बायबलचा अनुवाद करत होता, १८३१ मध्ये छापखानाही आला, आणि १८५७ मध्ये संपूर्ण बायबल पूर्ण झालं. ते काम मोठंच. पण अनुवादाला बसलेल्या माणसाला दोन वेळचं जेवण वेळेवर मिळणं, हेही त्या बायबलच्या खर्चात धरायला हवं.

मेरीला दहा मुलं झाली. काही तान्हेपणीच गेली. १८३९ मध्ये कुटुंब इंग्लंडला निघालं तेव्हा जहाजावर सहा वर्षांचा जेमी गोवराने गेला. मेरी काही दिवसांपूर्वीच बाळंत झालेली होती. जी जगली त्यांना शाळेसाठी दूर पाठवावं लागलं. भाल्याच्या प्रसंगात कडेवर होती ती थोरली मुलगी, तीही मेरीच, १८३० मध्ये बहिणीबरोबर थेट दक्षिणेला ग्रॅहम्सटाउनजवळच्या सेलमला शिकायला गेली. नऊ वर्षांची होती.

या धाकट्या मेरीचं लग्न जानेवारी १८४५ मध्ये कुरुमानला झालं, डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी. तोही मिशनरी, पुढे आफ्रिकेतल्या शोधसफरींनी गाजलेला. वर्षभरापूर्वीच माबोत्साला सिंहाने त्याचा खांदा फोडला होता आणि तो विश्रांतीला सासुरवाडीत, म्हणजे होणाऱ्या सासुरवाडीत, आला होता. मागणी बागेतल्या बदामाच्या झाडाखाली घातली. सासऱ्यांनी लावलेल्या बागेत जावयाने सोय साधली.

लग्नानंतर दोन-अडीच वर्षांत तीन ठिकाणी संसार मांडला: माबोत्सा, चोनुआने, आणि मग आजच्या बोत्स्वानातलं कोलोबेंग. कोलोबेंगला वर्षभर झोपडीत राहून मग घर उभं केलं. बाक्वेना लोकांची घरं गोल, त्यामुळे त्यांना काटकोन जमेना. प्रत्येक वीट आणि प्रत्येक वासा स्वतःच्या हाताने सरळ करावा लागला, अशी लिव्हिंग्स्टनची तक्रार आहे. गोल घरात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहणाऱ्यांनी काटकोन का शिकावा, हा प्रश्न त्याला सुचला नाही.

तिथल्या दिवसाचं वर्णन मात्र त्याने मनापासून केलंय. पहाटे प्रार्थना, सहा-सातच्या दरम्यान न्याहारी, मग पुरुष, बायका, मुलं सगळ्यांची शाळा, ती अकराला सुटे. पुढे तो लोहार, सुतार किंवा माळी. ती घरात पडेल ते काम करणारी. दुपारचं जेवण, तासभर आराम, आणि मग मेरी लहान मुलांची शाळा घेई, कधी शंभरेक पोरं जमत. त्याऐवजी काही दिवस शिवण. संध्याकाळी गाईंच्या धारा झाल्या की तो गावात बोलायला जाई.

पाव भाजायला वारुळ पोखरायचं, आत जाळ करायचा, तोंडाला दगडाची शिळा लावायची. किंवा जमिनीवर निखारे करून पीठ ठेवायचं, वर भांडं उपडं घालायचं आणि त्यावरही निखारे. आंबवण म्हणून मागच्या वेळचा गोळा, तासभर उन्हात. आपल्याकडे पानगे करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. लोणी बरणीत घुसळायचं, मेणबत्त्या साच्यात ओतायच्या. सगळ्यांत चिवट काम साबणाचं. तिथल्या लाकडांच्या राखेत क्षार इतका कमी, की राखेचं पाणी पुन्हापुन्हा चढवत चरबीचा साबण व्हायला महिना-दीड महिना उकळत बसावं लागे. लिव्हिंग्स्टन लिहितो की असं सगळं आपल्या हातावर असणं काही वाईट नाही, संसाराला गोडी येते. दीड महिना ते भांडं कोण ढवळत होतं, एवढं मला त्याला विचारायचं आहे.

कोलोबेंगचा पाऊस पहिल्या वर्षानंतर रुसला. हवा इतकी कोरडी की उघड्यावर पडलेल्या सुया महिनोन्‌महिने गंजल्या नाहीत. धान्य कुरुमानहून, थोरल्या मेरीकडून, म्हणजे आईकडून, येई. गावातल्या बायकांनी दागिने देऊन धान्य आणलं. लिव्हिंग्स्टनची पोरं सुरवंट खाऊ लागली, टोळ खाऊ लागली; माटलामेटलो नावाचा भलामोठा बेडूक शिजवला की कोंबडीच्या पिलासारखा दिसे आणि मुलं त्यावर तुटून पडत. शेजारची मुलं जे खात तेच. आईबाप अजून ‘त्यांच्यात’ आणि ‘आपल्यात’ रेघ ओढत होते, पोरांनी ती ताटात कधीच पुसून टाकली होती.

इथला राजा सेचेले हा अफाट माणूस. अक्षरं शिकायला मिळाली त्याच दिवशी त्याने वर्णमाला पाठ केली. प्रजा धर्माकडे वळत नाही म्हणून गेंड्याच्या कातड्याच्या चाबकांनी बडवून सगळ्यांना श्रद्धाळू करतो, असा प्रस्ताव त्याने लिव्हिंग्स्टनपुढे ठेवला होता. त्याला पाच बायका. बाप्तिस्मा हवा तर एकच ठेवायची. १८४८ च्या ऑक्टोबरात बाप्तिस्मा झाला, त्याआधी चौघींना नवे कपडे आणि सामान देऊन माहेरी धाडलं, निरोप असा की तुमच्यात दोष काही नाही, देवाची इच्छा पाळायची आहे. गाव हळहळलं. काही महिन्यांतच त्यातली एक गरोदर असल्याचं कळलं, बाप सेचेलेच. लिव्हिंग्स्टन खचला. पाऊस, पाणी, भाकरी, साबण यांत बाक्वेनांच्या चालीने चालणारं हे कुटुंब इथे मात्र दुसऱ्याच्या घरात शिरून चार संसार मोडून बसलं, आणि त्या चौघींना कुणी काही विचारल्याचं दिसत नाही. हा त्या मिशनचा मला सर्वांत न पटणारा भाग.

आणि मग प्रवास सुरू झाले. १८५० मध्ये लिव्हिंग्स्टनने गरोदर मेरीला आणि तीन मुलांना न्गामी सरोवराकडे नेलं. मुलं तापाने फणफणली. परतल्यावर एलिझाबेथ जन्मली आणि सहा आठवड्यांत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मेरी पुन्हा गरोदर. त्या वाटेत चार दिवस पाणी मिळालं नाही. पोरं जितकं पाणी कमी तितकी जास्त तहानेली होत होती, आईने तोंडातून दोषाचा एक शब्द काढला नाही, डोळे मात्र भरलेले, हे त्याने स्वतःच लिहिलंय. निघण्याआधी थोरल्या मेरीचं पत्र आलं होतं. सासूने जावयाला असं पत्र लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. एक लेकरू गेलं ते पुरेसं नाही का, बाकीची जेमतेम वाचली, आणि आता दिवस भरत आलेल्या बाईला पोराबाळांसकट रानावनात पुरुषांच्या तांड्यामागे फरफटवणार? जावयाने ते आपल्या रोजनिशीत उतरवून घेतलं आणि ठरल्याप्रमाणे निघाला. सप्टेंबर १८५१ मध्ये झूगा नदीच्या काठी मुलगा झाला.

१८५२ मध्ये त्याने सगळ्यांना केपटाउनहून विलायतेला पाठवून दिलं. मेरी आफ्रिकेत जन्मलेली, आफ्रिकेत वाढलेली. तिकडे भाड्याच्या खोल्या बदलत, पैशाच्या ओढगस्तीत, सासरच्यांशी न पटता चार वर्षं काढली. तो परतला तो राष्ट्राचा नायक होऊन. १८६२ मध्ये ती पुन्हा त्याच्याकडे झांबेझी नदीवर गेली आणि २७ एप्रिलला शुपांगा इथे तापाने वारली. पोरं लहान होती तेव्हा दिवसभर इतका थकायचो की संध्याकाळी त्यांच्याशी खेळायला अंगात त्राणच नसे, आणि मग खेळायला कुणी उरलं नाही, असं लिव्हिंग्स्टनने नंतर लिहिलं.

दोन वर्षांनी, जून १८६४ मध्ये, तो ‘लेडी न्यासा’ ही छोटी बोट घेऊन मुंबईला आला. त्याच काळात नाशिकला शरणपूरमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढत, सुतारकी, लोहारकी शिकत. आज शरणपूर रोडवरून जाताना हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तिथली काही मुलं लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत गेली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट त्याच्या शवासोबत इंग्लंडपर्यंत पोचला. पण मला जास्त जवळचे वाटतात ते विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. हे दोघे १८६४ मध्ये शरणपूरहून बायकांसह मोंबासाजवळच्या राबाईला मिशनच्या कामावर गेले. गुलाम म्हणून जो किनारा सुटला होता तिथे मिशनरी कुटुंब म्हणून परतणं! पळून आलेले गुलाम राबाईत आसरा घेऊ लागले. १८८८ मध्ये मालकांना भरपाई देऊन किनाऱ्यावरच्या मिशनांमधल्या अशा सुमारे १,४०० माणसांना मोकळं करण्यात आलं. शेकडो परक्या तोंडांना खायला घालणारं गाव चालवायचं म्हणजे काय, याचा अंदाज ज्याच्या घरी सतत पाहुणा आहे त्याने करावा.

मोफट नवराबायको १८७० मध्ये कुरुमान सोडून इंग्लंडला गेले. पन्नास वर्षं आफ्रिकेत काढलेली मेरी तिथे काही महिनेच जगली.

त्यांचा एक मुलगा जॉन, कुरुमानचाच जन्म. त्याने आणि त्याच्या बायकोने, एमिलीने, १८५९ मध्ये एन्देबेले राज्यात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, इन्याटीला मिशन थाटलं. तिथला राजा म्झिलिकाझी म्हणजे बापाचा जुना स्नेही. त्या भरवशावरच प्रवेश मिळाला होता. पुढे जॉन मिशन सोडून ब्रिटिश सरकारी नोकरीत गेला. फेब्रुवारी १८८८ मध्ये म्झिलिकाझीच्या मुलाकडून, लोबेंगुलाकडून, त्याने करारावर खूण करून घेतली: ब्रिटिशांना विचारल्याशिवाय कुणाला जमीन द्यायची नाही. लोबेंगुला त्याला मोफटचा मुलगा म्हणून ओळखत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिऱ्यांच्या खाणींवर गब्बर झालेल्या सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी त्याच्याकडून खाणींचे हक्क लिहून घेतले, आणि १८९३ मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीच्या फौजा त्याच्या राजधानीत, बुलावायोत, शिरल्या.